वजनकाट्याची साक्ष

सेमाग्लुटाइड हे औषध लठ्ठपणावर वापरायला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, जून 2021 मध्ये परवानगी दिली. तेच औषध त्याआधी साडेतीन वर्षे ‘ओझेम्पिक’ या नावाने मधुमेहासाठी विकले जात होते. लठ्ठपणासाठी त्याचे नाव ‘वेगोवी’ झाले, मात्रा वाढून आठवड्याला 2.4 मिलिग्रॅम झाली आणि जून 2025 मध्ये ते भारतातल्या केमिस्टकडे पोचले. डेन्मार्कची नोवो नॉर्डिस्क ही कंपनी ते बनवते.

या औषधाची परीक्षा पुरेशी झाली का, यावर वैद्यकात दोन प्रामाणिक मते आहेत. एक मत प्रयोगशाळेतून आणि चाचण्यांच्या तक्त्यांतून बघणाऱ्यांचे, दुसरे दवाखान्यात समोर बसलेल्या माणसाकडे बघणाऱ्यांचे. खालच्या संवादात पहिली बाजू औषधशास्त्राच्या एक प्राध्यापिका मांडतात आणि दुसरी तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारे एक डॉक्टर. दोघे कल्पित आहेत, आकडे नाहीत.

डॉक्टर : मॅडम, वजन उतरवणाऱ्या औषधांचा इतिहास आठवला की चिठ्ठी लिहिताना हात आखडतो. 1930 च्या दशकात डायनायट्रोफिनॉल आलं. मूळचं दारूगोळ्याच्या कारखान्यातलं रसायन. खाल्लेल्या अन्नाची ऊर्जा साठायच्या ऐवजी उष्णता होऊन निघून जायची, वजन झपाट्यानं उतरायचं. मग लोकांना मोतीबिंदू झाले आणि काही जण अंगातल्या तापानंच मेले. 1990 च्या दशकात फेनफ्लुरामीन आणि फेन्टरमीन या जोडीची चलती होती. 1997 मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी 24 बायकांच्या हृदयाच्या झडपा बिघडल्याचं जाहीर केलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरात फेनफ्लुरामीन बाजारातून उठलं.

प्राध्यापिका : यादी अपुरी आहे, डॉक्टर, मीच पुरी करते. रिमोनाबांट 2006 मध्ये युरोपात आलं. मेंदूतल्या ज्या रिसेप्टरवर गांजा काम करतो तेच रिसेप्टर ते बंद करायचं. त्यानं भूक मेली, पण सोबत जगण्याची उमेदही गेली. नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांमुळे 2008 मध्ये युरोपनं ते थांबवलं. अमेरिकेनं तर मंजूरच केलं नव्हतं. लोर्कासेरिन 2012 मध्ये मंजूर झालं, बारा हजार माणसांच्या चाचणीत हृदयाला सुरक्षितही ठरलं, पण त्याच चाचणीत कर्करोगाचं प्रमाण 7.1 टक्क्यांऐवजी 7.7 टक्के दिसलं आणि 2020 मध्ये तेही परत घेतलं गेलं.

या यादीत सिब्युट्रामीनची कथा सर्वांत बोलकी आहे, कारण ते औषध भारतातही विकले जात होते. अमेरिकेत त्याला 1997 मध्ये मंजुरी मिळाली. ते रक्तदाब आणि नाडीचा वेग वाढवते हे तेव्हाच ठाऊक होते, पण वजन उतरले की हृदयाचे भलेच होईल असे गृहीत धरले गेले. युरोपच्या नियामकांनी आग्रह धरला म्हणून सुमारे दहा हजार रुग्णांवर दीर्घ चाचणी झाली. निकाल 2010 मध्ये आला. हृदयविकार असलेल्यांमध्ये या औषधाने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वगैरेंचा धोका 16 टक्क्यांनी वाढवला होता. औषध मागे घेतले गेले आणि भारताने 2011 मध्ये त्यावर बंदी घातली. गृहीतक तपासून बघायला तेरा वर्षे लागली. या सगळ्या औषधांनी वजन खरोखरच उतरवले होते. काट्याची साक्ष खोटी नव्हती, पण तेवढ्यावर निकाल देता येत नव्हता.

डॉक्टर : मग सेमाग्लुटाइड या यादीतलं पुढचं नाव नाही, हे कशावरून?

प्राध्यापिका : पहिली गोष्ट म्हणजे ते वजनासाठी शोधलंच नव्हतं. आधीची बहुतेक औषधं मेंदूला थेट हलवणारी होती. इथे सुरुवात आतड्यातून झाली, तीही मधुमेहाच्या अभ्यासात.

जेवण आतड्यात उतरले की आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी जीएलपी-1 नावाचे संप्रेरक सोडतात. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जोएल हॅबेनर यांच्या प्रयोगशाळेत 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ग्लुकॅगॉनच्या जनुकाचा अभ्यास चालू असताना या संप्रेरकाचा मागमूस लागला. त्याचा नेमका कोणता तुकडा कामाचा आहे हे स्वेतलाना मोयसोव्ह यांनी दाखवले. कोपनहेगनमध्ये येन्स युल होल्स्ट यांचा गट त्याच वाटेवर होता. हे संप्रेरक स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, पण रक्तात साखर वाढलेली असेल तेव्हाच. मधुमेहासाठी याहून सोयीचा गुण शोधून सापडला नसता. मोयसोव्ह यांच्या वाट्याचे श्रेय मात्र बरीच वर्षे इतरांच्या नावावर राहिले आणि पेटंटवर नाव येण्यासाठी त्यांना झगडावे लागले. 2024 चा लास्कर पुरस्कार हॅबेनर, मोयसोव्ह आणि नोवो नॉर्डिस्कच्या लोटे ब्येरे क्नुडसेन या तिघांना मिळाला.

अडचण एकच होती, पण मोठी होती. शरीरातले एक विकर हे संप्रेरक दोन मिनिटांतच निम्म्याहून अधिक तोडून टाकते. त्याचे औषध करायचे तर रुग्णाला दिवसभर सलाईन लावून ठेवावे लागले असते. तोड निघाली ती दोन वाटांनी. न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करणारे जॉन एंग यांना हीला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेत जीएलपी-1 सारखाच, पण टिकाऊ रेणू सापडला. त्यापासून झालेले एक्झेनाटाइड 2005 मध्ये मधुमेहासाठी मंजूर झाले. ते दिवसातून दोनदा टोचावे लागे. दुसरी वाट क्नुडसेन यांच्या गटाची. त्यांनी माणसाचाच रेणू घेऊन त्याला मेदाम्लाची साखळी जोडली. ही साखळी रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटते, त्यामुळे रेणू विकराच्या तावडीत लवकर सापडत नाही. असे लिराग्लुटाइड तयार झाले, ते दिवसातून एकदा घ्यायचे. पुढे रेणूतले एक अमिनो आम्ल बदलून आणि साखळी अधिक लांब करून सेमाग्लुटाइड बनले. ते निम्मे व्हायला सुमारे एक आठवडा लागतो, म्हणून इंजेक्शन आठवड्यातून एकदाच.

डॉक्टर : मधुमेह समजला. भुकेचा संबंध कुठून आला?

प्राध्यापिका : 1996 मध्ये लंडनच्या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूत जीएलपी-1 सोडलं, तर उंदीर खाईनासे झाले. दोन वर्षांनी कोपनहेगनमध्ये वीस निरोगी तरुणांना शिरेतून ते दिलं आणि समोर हवं तेवढं जेवण ठेवलं. त्यांनी साधारण 12 टक्के कमी खाल्लं. म्हणजे वजनावरच्या परिणामाची चाहूल औषध बाजारात यायच्या कितीतरी आधी होती.

डॉक्टर : मळमळत असेल तर कोणीही कमी खाईल.

प्राध्यापिका : हा आक्षेप रास्त आहे आणि चाचण्यांनी तो गांभीर्यानं घेतला. मळमळ मुख्यतः मात्रा वाढवण्याच्या काळात असते. म्हणूनच 0.25 मिलिग्रॅमपासून सुरुवात करून दर चार आठवड्यांनी एक पायरी चढत सोळा आठवड्यांनी पूर्ण मात्रेवर नेतात. मळमळ ओसरते, वजन मात्र त्यानंतरही वर्षभर उतरत राहतं. ज्यांना मळमळ झालीच नाही त्यांचंही उतरतं. जेवण जठरात जास्त वेळ राहतं हा एक भाग, आणि भुकेची व तृप्तीची जाणीव ठरवणाऱ्या मेंदूच्या भागांवर होणारा परिणाम हा मोठा भाग.

मानवी चाचण्यांचे पहिले दोन टप्पे इथे थोडक्यात आटोपता येतात. पहिल्यात औषध शरीरात कसे वावरते ते पाहतात, दुसऱ्यात मात्रा ठरते. दुसऱ्या टप्प्यात 957 जणांवर रोजच्या इंजेक्शनाच्या निरनिराळ्या मात्रा तपासल्या गेल्या. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सर्वांत मोठ्या मात्रेवर वर्षभरात सरासरी 13.8 टक्के वजन उतरले. लिराग्लुटाइडवर हाच आकडा 7.8 होता. एवढ्यावर कंपनीने मोठा डाव मांडला. लठ्ठपणासाठीच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचण्यांच्या मालिकेला ‘स्टेप’ असे नाव होते, आणि वादाचा खरा विषय तिथूनच सुरू होतो.

स्टेप-1 मध्ये मधुमेह नसलेले 1,961 प्रौढ होते. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, 30 किंवा अधिक, अथवा किमान 27 आणि सोबत रक्तदाबासारखी एखादी व्याधी, अशी प्रवेशाची अट होती. कोणाला औषध आणि कोणाला प्लासिबो, म्हणजे औषधासारखेच दिसणारे पण औषध नसलेले इंजेक्शन, हे नशिबावर सोडले होते. ना रुग्णाला ठाऊक, ना तपासणाऱ्या डॉक्टरांना. दोन्ही गटांना रोजच्या आहारात 500 कॅलरींची कपात आणि आठवड्याला 150 मिनिटे व्यायाम असा सल्ला नियमित मिळत होता. 68 आठवड्यांनी औषधाच्या गटाचे वजन सरासरी 14.9 टक्क्यांनी घटले, प्लासिबोच्या गटाचे 2.4 टक्क्यांनी. एफडीएची अपेक्षा वर्षाअखेर दोन गटांत 5 टक्क्यांच्या फरकाची असते. इथे फरक साडेबारा टक्क्यांचा पडला.

डॉक्टर : रुग्णाला ठाऊक नव्हतं, असं म्हणता. औषधाच्या गटात 74 टक्के लोकांना पोटाच्या तक्रारी झाल्या, प्लासिबोत 48 टक्क्यांना. आठवडाभर मळमळलं आणि पँट सैल झाली की आपल्याला खरं औषध मिळालंय हे न कळण्याइतका कोण भोळा असतो? मग तो माणूस उत्साहानं चालायलाही जातो. प्लासिबोवाला हिरमुसतो आणि सोडून देतो.

प्राध्यापिका : मान्य. पण उत्साहानं साडेबारा टक्के उतरत नाहीत. उतरले असते तर जगातल्या प्रत्येक जिममध्ये ते दिसले असते.

डॉक्टर : आणि सरासरीच्या आड कोण लपलंय? औषध घेऊनही सात जणांत एकाचं 5 टक्केसुद्धा उतरलं नाही. माझ्याकडे येणाऱ्याला सरासरी सांगता येते, तो स्वतः त्या सरासरीत कुठे बसेल ते सांगता येत नाही.

इथे प्राध्यापिका थांबतात, कारण हा मुद्दा खोडण्याजोगा नाही. कोणाला लागू पडेल हे आधी ओळखण्याची खात्रीची चाचणी दवाखान्यात उपलब्ध नाही. मात्रा पूर्ण होऊन काही महिने जाईपर्यंत वाट पाहणे आणि फरक नसेल तर थांबवणे, हाच व्यवहारातला मार्ग आहे. पण सिब्युट्रामीनचा धडा घेऊन विचारायचा मोठा प्रश्न वेगळाच होता. वजन उतरल्याने माणूस वाचतो का?

प्राध्यापिका : हा प्रश्न या वेळी तेरा वर्षं लोंबकळत ठेवला नाही. ‘सिलेक्ट’ नावाची चाचणी 2023 च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाली. 41 देशांतली 17,604 माणसं, वय 45 च्या पुढे, मधुमेह नाही, पण हृदयविकार, पक्षाघात किंवा पायांच्या रक्तवाहिन्यांचा विकार आधीच झालेला. त्यांच्यात हृदयविकारानं मृत्यू, झटका किंवा पक्षाघात हे एकत्र मोजले तर औषधानं 20 टक्क्यांनी कमी झाले. लठ्ठपणावरच्या औषधानं मोठ्या चाचणीत हे दाखवण्याची ही पहिलीच वेळ.

डॉक्टर : वीस टक्के हा आकडा वर्तमानपत्राचा झाला. प्लासिबोत शंभरातल्या आठांना असं काही झालं, औषधाच्या गटात साडेसहांना. सव्वातीन वर्षांहून अधिक काळ शंभर माणसांना दर आठवड्याला टोचायचं, तेव्हा दीड माणूस वाचतो. आणि त्रास झाला म्हणून औषध सोडणारे 16.6 टक्के, प्लासिबोपेक्षा दुप्पट.

प्राध्यापिका : ही माणसं आधीच कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेत होती. त्या सगळ्याच्या वर मिळालेला हा दीड आहे. हृदयरोगात एवढ्या फायद्यासाठी आपण औषधं खुशाल लिहितो.

डॉक्टर : त्यांच्यासाठी मीही लिहीन. पण केमिस्टकडे विचारायला येतो तो साठीचा हृदयरोगी नसतो. तो तिशीतला असतो, बऱ्याचदा लग्न ठरलेला. त्याच्यासाठी सिलेक्टनं काहीही सिद्ध केलेलं नाही.

या टप्प्यावर दोघांमधला मतभेद नेमका होतो. चाचणी वाईट होती असे डॉक्टर म्हणत नाहीत. जिथे चाचणी झाली नाही तिथे तिचा निकाल नेला जातो, ही त्यांची तक्रार आहे. ती सर्वांत टोकदार होते भारतीय शरीराबाबत. स्टेप-1 मधल्या सहभागींचे सरासरी वजन 105 किलो होते, बीएमआय जवळपास 38. तीन चतुर्थांश स्त्रिया आणि तीन चतुर्थांश गोरे. आशियाई 13 टक्के, आणि आशियाईत जपानीही आले.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटे टिपण आणि दोघांचे छायाचित्र छापले होते. दोघांचाही बीएमआय 22.3 होता. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के निघाली, याज्ञिकांच्या 21.2 टक्के. भारतीय माणूस काट्यावर सडपातळ आणि आतून चरबीदार असू शकतो हे त्यातून जितके पटले तितके जाडजूड शोधनिबंधांतून क्वचितच पटले असेल. म्हणून भारतीय तज्ज्ञ लठ्ठपणाची रेषा 30 ऐवजी 25 बीएमआयवर ओढतात.

डॉक्टर : या रेषेमुळे दुहेरी घोळ होतो. एकीकडे 26 बीएमआय असलेला मधुमेही चाचणीच्या अटीत बसत नाही, पण त्याला गरज असू शकते. दुसरीकडे त्याच्या अंगावर स्नायू मुळातच कमी. स्टेप-1 मधल्या 140 जणांचं स्कॅन करून मोजलं, तर उतरलेल्या वजनात साधारण 40 टक्के वाटा चरबीचा नव्हता, स्नायू वगैरेंचा होता. 105 किलोच्या माणसाला तो तोटा पचेल. 68 किलोच्या, डाळ-भातावर वाढलेल्या, व्यायाम न करणाऱ्या माणसाला?

प्राध्यापिका : जपान आणि दक्षिण कोरियात 401 जणांवर वेगळी चाचणी झाली. तिथेही 13.2 टक्के वजन उतरलं, आणि पोटातली चरबी स्पष्ट घटली. म्हणजे औषध आशियाई शरीरात काम करतं यात शंका नाही. स्नायूंचा प्रश्न मात्र खरा आहे. कोणत्याही मार्गानं झपाट्यानं वजन उतरलं की स्नायू जातात, उपासानंही जातात. प्रथिनं आणि वजनं उचलण्याचा व्यायाम हे औषधाच्या चिठ्ठीवरच लिहायला हवं.

डॉक्टर : आणि चिठ्ठी कधी संपते?

याचे उत्तर चाचण्यांनी निःसंदिग्धपणे दिले आहे, आणि जाहिरातींत ते सर्वांत कमी दिसते. स्टेप-1 संपल्यावर 327 जणांचा औषध बंद करून आणखी वर्षभर मागोवा घेतला गेला. उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आले. रक्तदाब, साखर यांतली सुधारणाही बरीचशी ओसरली. स्टेप-4 मध्ये सर्वांना वीस आठवडे औषध देऊन मग निम्म्याहून कमी लोकांना नकळत प्लासिबोवर टाकले. औषध चालू असलेल्यांचे वजन आणखी 7.9 टक्क्यांनी उतरले, बंद झालेल्यांचे 6.9 टक्क्यांनी वाढले.

प्राध्यापिका : रक्तदाबाची गोळी बंद केली की रक्तदाब वाढतो. त्यावरून गोळी निकामी असं कोणी म्हणत नाही. लठ्ठपणा हा दीर्घकालीन आजार आहे हे यातून सिद्ध होतं.

डॉक्टर : रक्तदाबाची गोळी लोक आयुष्यभर घेतात, कारण ती स्वस्त आहे आणि आयुष्यभर घ्यायची हे पहिल्या दिवशी सांगितलेलं असतं. हे औषध ‘कोर्स’ म्हणून मागितलं जातं. तीन महिने घेतलं, पैसे संपले, सोडलं. अशा घेण्या-सोडण्याची चाचणी कोणी केली आहे?

प्राध्यापिका : तुम्ही म्हणता त्या प्रकारची मोठी, दीर्घ चाचणी नाही. किमतीचा प्रश्न मात्र सुटण्याच्या वाटेवर आहे. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या मूळ पेटंटची मुदत मार्च 2026 पर्यंतचीच.

स्वस्ताईमुळे डॉक्टरांचा शेवटचा मुद्दा अधिकच गंभीर होतो. तो दुर्मीळ अपायांचा. मंजुरीपूर्वीच्या चाचण्यांची एक अंकगणिती मर्यादा असते. 3,000 माणसांवर औषध वापरून एखादा अपाय एकदाही दिसला नाही, तर त्याचे प्रमाण हजारात एकापेक्षा अधिक नसावे, एवढेच बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येते. दहा हजारांत एकाला होणारा अपाय अशा चाचणीला बहुधा दिसतच नाही. तो दिसतो औषध लाखोंच्या हाती गेल्यावर. सेमाग्लुटाइडबाबत हे घडलेही आहे. डोळ्याच्या मज्जातंतूचा रक्तपुरवठा अचानक तुटून दृष्टी जाणे, हा अपाय दहा हजारांत एकापर्यंत होऊ शकतो, असा निष्कर्ष युरोपच्या औषध नियामकाने जून 2025 मध्ये काढला, म्हणजे मधुमेहासाठी औषध आल्यावर सात वर्षांनी. पित्ताशयातले खडे आणि क्वचित स्वादुपिंडाचा दाह हे धोके आधीपासून नोंदलेले आहेत. उंदरांत थायरॉइडच्या एका प्रकारच्या गाठी आढळल्याने अमेरिकेत वेष्टनावर ठळक इशारा छापतात. उलट बाजूचे उदाहरणही आहे: रिमोनाबांटच्या आठवणीने आत्महत्येच्या विचारांबद्दल तपास झाला, आणि युरोपच्या नियामकाला 2024 मध्ये औषधाशी तसा कार्यकारणसंबंध आढळला नाही.

प्राध्यापिका : म्हणजे यंत्रणा काम करते आहे.

डॉक्टर : युरोपात. आमच्या तालुक्यात कोणाची दृष्टी अंधुक झाली तर तो चष्म्याच्या दुकानात जातो.

दोन्ही बाजू तोलल्या तर असे म्हणावे लागते: लठ्ठपणा आणि हृदयविकार दोन्ही असलेल्या माणसासाठी या औषधाची परीक्षा यापूर्वीच्या कोणत्याही वजनऔषधापेक्षा कसून झाली आहे आणि ते उत्तीर्ण झाले आहे. मध्यम वजनाच्या, आजार नसलेल्या तरुण भारतीयासाठी ती परीक्षा अजून झालेली नाही, आणि औषध खुलेपणाने मिळू लागले की ती प्रत्यक्ष वापरातच होणार आहे. तिचा निकाल नोंदी झाल्या तरच कळेल. भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 पासून चालू आहे आणि त्याचे केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगात आहे. तिथे तक्रार नोंदवायला डॉक्टरच हवा असे नाही. औषध घेणारी व्यक्ती किंवा तिच्या घरचे कोणीही 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर स्वतः कळवू शकतात, आणि हे इंजेक्शन घेणाऱ्यांनी काही वेगळे जाणवले तर तसे जरूर कळवावे.